अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या १९५४ ला. बंद कधी झाल्या?

ओसरी

मागच्या शनिवारी कॅन्सस सिटीहून टोपीकाला जाऊन आलो. तासाभराचा रस्ता. बायकोला तळ्याकाठी बसायचं होतं, मुलीला आइस्क्रीम हवं होतं आणि मी दोघींना घेऊन गेलो एका जुन्या प्राथमिक शाळेत. (परतीच्या वाटेवर काय ऐकून घेतलं ते विचारू नका.)

मन्रो शाळा. १९२६ सालची, विटांची, दुमजली. आता राष्ट्रीय स्मारक आहे. अमेरिकेत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या असत हे माहीत होतं, त्यामुळे गळकं छप्पर, मोडके बाक असं काहीतरी डोक्यात घेऊन गेलो होतो. बघतो तर इमारत खणखणीत! रुंद जिने, उंच खिडक्या. आमच्या गावातल्या जि.प. शाळेनं हेवा करावा अशी. शिक्षकही चांगले शिकलेले होते म्हणे. मग ज्या खटल्यानं देशाचा कायदा फिरवला तो इथून का निघाला?

लिंडा ब्राउन तिसरीत होती. घरापासून सात ब्लॉकवर समनर शाळा, पण ती गोऱ्यांची. त्यामुळे ही पोर रोज रेल्वे यार्डातून वाट काढत सहा ब्लॉक चालायची, मग बस पकडून मन्रोला जायची. कॅन्ससचा कायदा असा होता की पंधरा हजारांवर वस्ती असलेल्या शहराला हवं तर प्राथमिक शाळा वेगळ्या ठेवता येतील. सक्ती नव्हती. टोपीकाला तसं हवं होतं, एवढंच. गंमत म्हणजे हायस्कुलात सगळे एकत्र. म्हणजे सहा वर्षांच्या पोराला वेगळं बसवायचं आणि सोळाव्या वर्षी एकाच वर्गात आणायचं. यातलं तर्कशास्त्र मला अजून कळलेलं नाही.

लिंडाचे वडील ऑलिव्हर ब्राउन सांता फे रेल्वेच्या कारखान्यात वेल्डर. १३ पालकांनी मिळून दावा लावला, त्यात हे एकटे पुरुष, बाकी सगळ्या आया. नाव मात्र इतिहासात यांचं राहिलं, 'ब्राउन खटला'.

खालच्या कोर्टात हरले. कोर्ट म्हणालं, दोन्हीकडच्या शाळा साधारण सारख्याच आहेत, आणि १८९६ च्या प्लेसी खटल्यापासून 'वेगळं पण समान' चालतं. मला वाटतं खरी मेख इथंच आहे. शाळा पडकी असती तर कोर्टानं 'डागडुजी करा' म्हणून फाइल बंद केली असती. इथं डागडुजीला जागाच नव्हती. इमारत सारखी, पुस्तकं सारखी, मास्तर सारखे. हे सगळं वजा केल्यावर उरतो तो फक्त वेगळेपणा, आणि तोच मुळात अन्याय आहे की नाही याचं उत्तर द्यायला सर्वोच्च न्यायालयाला आडोसा उरला नाही. १७ मे १९५४, सरन्यायाधीश अर्ल वॉरन, नऊ विरुद्ध शून्य. सरकारी शाळांत 'वेगळं पण समान' बसत नाही.

इथवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला खरं विचारायचंय ते पुढचं. दहा वर्षांनी, १९६४ च्या सुमाराला, दक्षिणेतल्या अकरा राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी काळी मुलं शंभरात दोनसुद्धा नव्हती. मग निकालानं नेमकं केलं काय?

खारी_बिस्किट

वाचतेय. मन्रोचे फोटो टाका की.

१९५५ ला पुन्हा एक निकाल झाला होता ना, अंमलबजावणीचा? त्यातलं ते गाजलेलं वाक्य मराठीत कसं आणायचं? 'विचारपूर्वक त्वरेने' असलं काहीतरी होतं, पण कानाला बरं लागत नाही.

रुमाल_टाकला

सोपं आहे. "प्रकरणी योग्य ती कार्यवाही यथावकाश करण्यात येईल."

खारी_बिस्किट

😂😂 अगदी! सही-शिक्क्यासकट.

कायदेकानू

चांगला धागा. दोन गोष्टी जोडतो.

एक, ब्राउन हा एकच खटला नव्हता. कॅन्सस, साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया आणि डेलावेअर अशा चार राज्यांतले खटले एकत्र ऐकले गेले. पाचवा राजधानी वॉशिंग्टनचा. त्याचा निकाल त्याच दिवशी पण वेगळा दिला, कारण समान संरक्षणाची चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते आणि वॉशिंग्टन राज्य नाही. तिथं पाचव्या दुरुस्तीचा आधार घ्यावा लागला. वकिलांची पोटं अशाच बारकाव्यांवर भरतात.

दोन, धागाकर्त्याला खणखणीत शाळा दिसली म्हणून सांगतो. साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) प्रकरण बघा. तिथं गोऱ्या मुलांसाठी तीस बस होत्या आणि काळ्यांसाठी एकही नाही. मैलोन्‌मैल पायपीट. पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस घेतली आणि काउंटीकडे पेट्रोलपाणी मागितलं. तेही नाही मिळालं. सुरुवात एवढ्या साध्या मागणीनं झाली. दावा लावणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव होतं हॅरी ब्रिग्ज यांचं, नौदलातून परतलेला माणूस, पेट्रोलपंपावर काम करायचा. सही केली आणि नोकरी गेली. बायको मोटेलमध्ये साफसफाई करायची, तिचीही गेली. लोकांना उभं करणारे पाद्री डिलेन यांचं चर्च जाळलं, शेवटी त्यांना राज्य सोडून पळावं लागलं.

खटला ऐकणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी पालकांविरोधात निकाल दिला. तिसरे वेरिंग, चार्ल्स्टनच्या जुन्या गोऱ्या घराण्यातले. त्यांनी वेगळं मत लिहिलं की वेगळं ठेवणं हीच विषमता आहे. त्यानंतर गावात त्यांना कुणी दारात उभं करेना. तेही गाव सोडून न्यूयॉर्कला गेले.

उंटावरून

नेहमीप्रमाणे विरुद्ध बाजू मांडतो, अंडी-टोमॅटो तयार ठेवा.

या निकालाचा पाया कच्चा होता असं माझं मत. बाहुल्यांचा तो प्रयोग. क्लार्क दांपत्यानं मुलांपुढे गोरी आणि काळी बाहुली ठेवली आणि चांगली कुठली, वाईट कुठली असं विचारलं. क्लॅरेंडनमध्ये मुलं किती? सोळा. सोळा पोरांवरून देशाचा कायदा? आणि उत्तरेतल्या एकत्र शाळांतली काळी मुलंसुद्धा गोरी बाहुलीच उचलत होती. मग शाळा वेगळी असल्यानं काय सिद्ध झालं?

कोर्टानं समाज सुधारायला जाऊ नये. समाज आपल्या गतीनं सुधारतो.

कायदेकानू

@उंटावरून, बाहुल्यांवरची शंका रास्त आहे, त्या वेळीही घेतली गेली होती. पण निकाल त्यावर उभा नाही. तो संदर्भ अकराव्या तळटीपेत आहे. वॉरननी निकाल मुद्दाम आखूड आणि सोप्या भाषेत लिहिला, वर्तमानपत्रात छापून सामान्य माणसाला वाचता यावा असा.

आणि 'आपली गती' म्हणाल तर प्लेसीपासून ब्राउनपर्यंत ५८ वर्षं झाली होती. अजून किती थांबायचं होतं?

पायाभरणीही एका दिवसाची नव्हे. वकील चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन आणि त्यांचा शिष्य थर्गूड मार्शल यांनी वीस वर्षं वरून खाली पोखरत आणलं होतं. आधी कायद्याची महाविद्यालयं, मग पदव्युत्तर शिक्षण, शेवटी प्राथमिक शाळा. १९५० चा ओक्लाहोमाचा मॅकलॉरिन खटला वाचा. साठीला टेकलेला काळा प्राध्यापक डॉक्टरेटसाठी विद्यापीठात येतो. कोर्टाच्या धाकानं प्रवेश देतात, पण वर्गाबाहेरच्या कोनाड्यात बसवतात, ग्रंथालयात वेगळं टेबल, खाणावळीत वेगळं टेबल आणि वेगळी वेळ. प्राध्यापक तोच, पुस्तक तेच. कोर्टानं तेव्हाच म्हटलं की हे चालणार नाही. ब्राउन ही त्यापुढची एकच पायरी होती.

नागसेनवन

कोनाड्यातलं टेबल वाचून थांबलो. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसत आणि शिपाई नसेल तर त्या दिवशी पाणी नाही. अमेरिकेचा धागा आहे, गाडी इकडे वळवायची नाही. पण एक धागा खरोखरच जुळलेला आहे, म्हणून लिहितो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत दुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं, त्याच्या प्रती मागितल्या. दुबॉइस यांनी उत्तरही पाठवलं. ब्राउन निकालाच्या आठ वर्षं आधीची गोष्ट.

आणि 'निकालानं केलं काय' या प्रश्नाला आपल्याकडचं उत्तर महाडला आहे. एस. के. (सीताराम केशव) बोले आठवा. तर त्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये पास झाला. पाणवठे, धर्मशाळा, सरकारी शाळा सगळ्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं, कागदावर. पाणी प्यायला १९२७ उजाडावं लागलं, आणि ते पिणाऱ्यांनी डोकी फोडून घेतली. ठराव फुकट गेला म्हणायचं का? ठराव नसता तर तळ्यावर उभं राहून 'हे आमचं आहे' म्हणता आलं नसतं, असं मला वाटतं.

ओसरी

@नागसेनवन, मला हवं होतं ते बरोबर पकडलंत. महाडसारखंच लिटल रॉकला झालं. १९५७, आर्कान्सॉ. नऊ काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या सेंट्रल हायस्कुलात जायचे होते. गव्हर्नर फॉबसनं त्यांना अडवायला राज्याचे सैनिक उभे केले. ४ सप्टेंबरला सगळ्यांनी एकत्र जायचं असा निरोप रात्री फिरला, पण एलिझाबेथ एकफर्डच्या घरी फोन नव्हता. ती पोरगी घरी शिवलेला नवा पांढरा झगा घालून एकटीच गेली. सैनिकांनी आत सोडलं नाही, मागे जमाव ओरडतोय. ती चालत बसथांब्यापर्यंत गेली आणि बाकावर बसून राहिली. तो फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. निरोप पोचला नव्हता हे मला परवा कळलं.

शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी लष्कराची १०१ वी एअरबोर्न तुकडी पाठवली तेव्हा ती नऊ मुलं आत गेली.

पुढच्या वर्षी काय झालं बघा. मुलं एकत्र बसवण्यापेक्षा शाळाच बंद! १९५८-५९ चं अख्खं वर्ष शहरातली सरकारी हायस्कुलं बंद. फुटबॉलचे सामने मात्र चालू. वर्गाला कुलूप आणि मैदानावर शाळेचा संघ खेळतोय.

रुमाल_टाकला

फुटबॉल चालू 🙏 देश कुठलाही असो, प्राधान्यक्रम पक्का.

मास्तरीणबाई

मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे माझं लक्ष भलतीकडे जातं. मुलं एकत्र आली, मग काळ्या शाळांतल्या शिक्षकांचं काय झालं?

टोपीकाचंच उदाहरण. १९५३ च्या मार्चमध्ये, म्हणजे निकाल लागायच्या आधी वर्षभर, तिथल्या अधीक्षकानं एका काळ्या शिक्षिकेला पत्र पाठवलं. आशय असा की कोर्टानं वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या तर गोऱ्या मुलांना शिकवायला काळे शिक्षक बहुसंख्य लोकांना नको असतील असं आम्ही धरून चालतो, तेव्हा पुढच्या वर्षीची खात्री देता येत नाही. तुमचं काम चांगलं आहे, वगैरे. असली गोड पत्रं मी माझ्या नोकरीतही पाहिली आहेत, अतिरिक्त ठरवताना येतात तशी.

दक्षिणेत पुढे हजारो काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक घरी बसले. शाळा 'एकत्र' करायची म्हणजे बहुतेक ठिकाणी काळ्यांची शाळा बंद करायची आणि मुलं गोऱ्यांच्या शाळेत पाठवायची. शाळेचं नाव, शाळेचा बँड, भिंतीवरच्या मुख्याध्यापकांच्या तसबिरी, सगळं गेलं. दुबॉइस यांनी १९३५ मध्येच लिहून ठेवलं होतं की निग्रो मुलांना वेगळी शाळा हवी की मिश्र, हा प्रश्नच नाही, त्यांना शिक्षण हवंय. मिश्र शाळेत मुलाला तुच्छ लेखणारा मास्तर मिळणार असेल तर वेगळी शाळा परवडली. हे लिहिणारा माणूस आयुष्यभर वर्णभेदाशी लढला होता, हे विसरू नका.

निकाल चुकला असं मी म्हणत नाही. हिशेबात ही बाजूही धरा.

उंटावरून

मास्तरीणबाई, पहिल्यांदाच आपलं जुळलं. एक कप चहा माझ्याकडून.

मास्तरीणबाई

चहा घेईन, पण जुळलेलं नाही. तुम्ही म्हणता कोर्टानं हात घालू नये. मी म्हणते घातला तर पूर्ण घालावा.

सॅन_होजेकर

इथं बसून एक प्रश्न नेहमी पडतो: तेव्हा आपली पोरं कुठल्या शाळेत गेली असती?

उत्तर १९२७ च्या एका निकालात आहे. मिसिसिपीतलं रोझडेल गाव. लम नावाच्या चिनी किराणा दुकानदाराची नऊ वर्षांची मुलगी गोऱ्यांच्या शाळेत जात होती, तिला मधल्या सुट्टीत सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. बाप पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल एकमतानं: गोरी नाही म्हणजे 'कलर्ड', काळ्यांच्या शाळेत जा. आणि त्याआधी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात याच न्यायालयानं भारतीय माणूस गोरा धरता येणार नाही असं ठरवून ठेवलंच होतं. दोन्ही जोडा, उत्तर मिळतं.

आमच्या मराठी मंडळात 'आम्ही मेरिटवर आलो' हे वाक्य गणपतीच्या आरतीइतकं नियमित ऐकू येतं. १९६५ च्या ज्या स्थलांतर कायद्यानं आपल्याला दार उघडलं तो याच चळवळीच्या लाटेत पास झाला. असो, मंडळातून काढतील.

कायदेकानू

धागाकर्त्याच्या प्रश्नाचं कोरडं उत्तर देऊन टाकतो. १९६४ चा नागरी हक्क कायदा आला. त्यात तरतूद अशी की भेदभाव करणाऱ्या संस्थेला केंद्राचा पैसा नाही. १९६५ ला केंद्रानं शाळांसाठी पहिल्यांदाच मोठी थैली उघडली. आधी थैली नव्हती तेव्हा ती बंद करायची धमकी पोकळ होती. आता खेड्यापाड्यातल्या शाळा मंडळांना अचानक घटना आठवली.

तरी पळवाटा होत्याच. व्हर्जिनियाच्या न्यू केंट काउंटीत दोनच शाळा, एक गोऱ्यांची, एक काळ्यांची. 'ज्याला जिथं जायचं तिथं जा' अशी मुभा दिली. तीन वर्षांत एकही गोरं मूल काळ्यांच्या शाळेत गेलं नाही. १९६८ मध्ये कोर्टानं सांगितलं, मुभा पुरे, मुळासकट उपटा. १९६९ मध्ये तर 'यथावकाश' हा शब्दच रद्द केला, आत्ताच्या आत्ता करा म्हणाले. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत दक्षिणेतल्या शाळा खऱ्या अर्थानं बदलल्या, इतक्या की उत्तरेतल्या शाळा त्यांच्यापेक्षा जास्त विभागलेल्या दिसू लागल्या.

ओसरी

आणि तिथंच डेट्रॉइट आडवं आलं ना? १९७४, मिलिकेन खटला. शहरात काळे उरले, गोरे उपनगरांत गेले. खालच्या कोर्टानं म्हटलं, उपनगरांतले ५३ शिक्षण जिल्हे धरून योजना करा. सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार नाही म्हटलं. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, मग सीमा ओलांडता येणार नाही. मार्शल तोवर त्याच न्यायालयात न्यायाधीश होते, त्यांनी विरोधी मत लिहिलं.

आता कबुलीजबाब. तीन वर्षांपूर्वी आम्ही घर घेतलं. एजंटबाई वस्तीबद्दल चकार शब्द बोलत नव्हत्या, वंश बघून गिऱ्हाइकाला वस्ती सुचवायला कायद्यानं बंदी आहे. फक्त म्हणाल्या, "ही शाळा नऊ आहे. रस्त्यापलीकडची चार." दहापैकी. रस्ता म्हणजे आपल्या लक्ष्मी रोडएवढा. दोन्हीकडची घरं दिसायला सारखीच. आम्ही नऊच्या बाजूला चाळीस हजार डॉलर जास्त दिले. मालमत्ता कर तिकडे जास्त जमतो, तो शाळेत जातो, शाळा नऊची साडेनऊ होते. मुलगी समनरमध्ये घातली म्हणायची, दुसरं काय.

खारी_बिस्किट

ओसरी, तुम्हाला दोष देता येत नाही हो. आम्हीही तेच केलं, तेही सातवरून आठवर जायला.

उंटावरून

बघा! समाज आपल्या गतीनं कुठं जातो ते.

रुमाल_टाकला

उंटावरून उतरलेत का तुम्ही? 😄

फार्मव्हिलपासून_तासभर

इतके दिवस नुसता वाचक होतो, या धाग्यानं खातं उघडायला लावलं. मी रिचमंडजवळ राहतो. पाच खटल्यांतला व्हर्जिनियाचा खटला फार्मव्हिलचा. १८० मुलांसाठी बांधलेल्या हायस्कुलात साडेचारशेच्या वर मुलं, वाढीव वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपट्यांत. एप्रिल १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स नावाच्या १६ वर्षांच्या मुलीनं खोटा निरोप पाठवून मुख्याध्यापकांना शाळेबाहेर काढलं, सगळ्यांना सभागृहात जमवलं आणि संप पुकारला. पाच खटल्यांत विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा एकच.

त्याची शिक्षा १९५९ मध्ये मिळाली. एकत्र शाळेची वेळ आली तेव्हा प्रिन्स एडवर्ड काउंटीनं (फार्मव्हिल तिथलंच) सगळ्या सरकारी शाळा बंद केल्या. लिटल रॉकसारखं एक वर्ष नव्हे, १९६४ पर्यंत, पाच वर्षं. गोऱ्यांसाठी खाजगी अकादमी उघडली. सतराशेवर काळ्या मुलांना शाळाच नाही. काहींना नातेवाइकांकडे दुसऱ्या राज्यांत पाठवलं, काही चर्चच्या तळघरात अक्षरं गिरवत राहिली, बाकीची तंबाखूच्या शेतात.

आमच्या गल्लीत त्या काउंटीतले एक आजोबा आहेत. हिवाळ्यात माझ्या दारासमोरचा बर्फ न सांगता उपसतात. एकदा माझा मुलगा 'आज शाळेला बर्फाची सुट्टी' म्हणून नाचत होता, तेव्हा ते फावड्यावर रेलून त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, आम्हालाही पहिल्या दिवशी असाच आनंद झाला होता, सात वर्षांचा होतो मी. मुलानं विचारलं, किती दिवस सुट्टी होती?

खारी_बिस्किट

मग? काय म्हणाले?

फार्मव्हिलपासून_तासभर

काही नाही. पाच बोटं दाखवली आणि बर्फ उपसायला लागले. मुलगा आत येऊन मला सांगतो, बाबा, त्यांना पाच दिवस सुट्टी होती.